आरंभ दर्शविणारी इंग्रजी क्रियापदे आणि आमच्या हातून झालेली एक चूक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने इंग्रजी विभागाकडे लेखाची मागणी केली, तेव्हा विभागाच्या वाटचालीचा आढावा लिहावा असा आमचा मानस होता. निकालाचे तक्ते तयार होते, वक्तृत्व स्पर्धांतील पारितोषिकांची यादीही तयार होती. परंतु मागील माजी विद्यार्थी मेळाव्यात घडलेल्या एका लहानशा प्रसंगामुळे तो बेत आम्ही बाजूस ठेवला. आमच्या वसतिगृहात राहून शिकलेली आणि आज परिचारिका म्हणून नोकरी करणारी एक माजी विद्यार्थिनी त्या दिवशी आपली इयत्ता आठवीची निबंधवही सोबत घेऊन आली होती. जेवणानंतर तिने ती वही आमच्यासमोर ठेवली आणि एक पान उघडून दाखविले. निबंध ‘माय मदर’ हा होता. त्यातील एक वाक्य असे होते : ‘आफ्टर माय फादर्स डेथ, माय मदर टुक टु स्टिचिंग.’ वडिलांच्या निधनानंतर आईने शिवणकामाची वाट धरली, असा त्याचा अर्थ. त्यातील ‘स्टिचिंग’ हा शब्द आम्ही लाल शाईने खोडला होता, वर ‘स्टिच’ असे लिहिले होते आणि समासात शेरा दिला होता : ‘टु नंतर नेहमी मूळ रूप.’

वाक्य तिचे बरोबर होते. चूक आमची होती.

ती रागावली नव्हती. तिने हसतच सांगितले की, ‘सर, ते वाक्य मी ग्रंथालयातल्या गोष्टीच्या पुस्तकात पाहिलं होतं, म्हणून लिहिलं, पण तुम्ही खोडलं म्हणजे पुस्तकच चुकलं असेल असं वाटलं.’ पुढे नोकरीसाठी तिने जे अर्ज केले त्या प्रत्येकाच्या शेवटी तिने आमच्या नियमाप्रमाणे ‘लुक फॉरवर्ड टु हिअर फ्रॉम यू’ असेच लिहिले. पुष्कळ वर्षांनी एका वरिष्ठ सहकारी भगिनीने ‘हिअर’च्या जागी ‘हिअरिंग’ हवे हे तिच्या लक्षात आणून दिले. एखादी नोकरी त्या एका शब्दामुळे हुकली असेल असे ती म्हणाली नाही, आम्हीही म्हणत नाही. परंतु ज्या मुलीच्या घरी इंग्रजी जाणणारे दुसरे कोणीही नव्हते, तिला शिक्षकाचा शब्द हाच अखेरचा आधार होता. तो आधार आम्ही चुकीचा दिला. तेव्हा ‘टु’ या शब्दाविषयी, आणि ज्या क्रियापदांच्या संगतीत तो आमच्या मुलांना सर्वांत जास्त चकवितो त्या आरंभवाचक क्रियापदांविषयी, सविस्तर लिहावे असे आम्ही ठरविले.

इंग्रजी वाक्ये येथे देवनागरीत दिली आहेत. आमच्या अनेक पालकांना, विशेषतः मातांना, रोमन लिपी अवगत नाही. त्यांना हा लेख आपल्या पाल्यासमवेत वाचता यावा, एवढाच त्यामागील हेतू आहे.

प्रथम आपल्या मराठीकडे वळू, कारण अडचणीचे मूळ तेथेही आहे आणि उपायही पुष्कळसा तेथेच आहे. एखादी क्रिया आरंभली हे सांगण्यासाठी मराठीचे मुख्य साधन म्हणजे ‘लागणे’ हे क्रियापद. ‘ती वाचू लागली’, ‘ती वाचायला लागली’. वऱ्हाडाकडील आमची मुले घरी ‘वाचाले लागली’ म्हणतात. लिखित भाषेत ‘तिने वाचण्यास प्रारंभ केला’ असेही आपण लिहितो. हे ‘लागणे’ मोठे विलक्षण आहे. भूक लागते, ठेच लागते, दिवे लागतात आणि माणूस कामालाही लागतो. इतकेच नव्हे, तर पुढील दोन वाक्ये पाहावीत : ‘मी रात्री शाळेत थांबायला लागलो’ आणि ‘मला रात्री शाळेत थांबायला लागले’. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती आहे. फरक फक्त ‘मी’ आणि ‘मला’ यांचा, आणि त्यानुसार बदललेल्या क्रियापदाच्या रूपाचा. हा भेद आपल्या चार वर्षांच्या मुलालाही चुकत नाही. त्याला तो कोणी शिकविलेला नसतो. इंग्रजीतील भेद यापेक्षा अवघड नाहीत, हे आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. कारण इंग्रजी ही आपल्या आवाक्याबाहेरची भाषा आहे हा समज घेऊनच पुष्कळ मुले वसतिगृहात येतात. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तरी तो समज अद्याप गेलेला नाही.

आता ‘वाचण्यास’ या शब्दाकडे बारकाईने पाहावे. ‘वाचणे’ या क्रियावाचक नामाला ‘स’ हा प्रत्यय लागला आहे. ‘वाचायला’ मध्ये ‘ला’ आहे. हे ‘स’ आणि ‘ला’ म्हणजे आपण शाळेत पाठ केलेले विभक्तीचे प्रत्यय. ‘गावास गेला’, ‘गावाला गेला’ यात जो प्रत्यय स्थळाची दिशा दाखवितो, तोच ‘वाचण्यास’, ‘वाचायला’ यात क्रियेची दिशा दाखवितो. इंग्रजीतील ‘टु’चे अगदी हेच आहे. ‘शी वेन्ट टु द व्हिलेज’ मधील ‘टु’ आणि ‘शी बिगॅन टु रीड’ मधील ‘टु’ मुळात एकच. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या ‘टु’च्या पुढे येणाऱ्या क्रियापदाला नामासारखा विभक्तीचा शेवट लागत असे. पुढे तो शेवट झिजून गेला, क्रियापदाचे उघडे मूळ रूप उरले आणि ‘टु’ त्या रूपाला चिकटून बसला. अशा रीतीने एका ‘टु’चे दोन झाले : एक गावाकडे नेणारा, म्हणजे शब्दयोगी, ज्याच्यापुढे नाम येते, दुसरा क्रियापदाच्या मूळ रूपाची खूण म्हणून राहिलेला. दिसायला दोघे सारखे. आम्ही चुकलो ते याच ठिकाणी.

शब्दयोगी ‘टु’च्या पुढे क्रिया ठेवायची असेल तर तिला नामाचा वेष द्यावा लागतो, आणि इंग्रजीत तो वेष म्हणजे ‘इंग’चे रूप. मराठीतही आपण ‘वाचतेपूर्वी’ किंवा ‘वाचबद्दल’ म्हणत नाही. ‘वाचण्यापूर्वी’, ‘वाचनाबद्दल’ म्हणतो. ‘टुक टु’ म्हणजे एखाद्या गोष्टीच्या नादी लागणे, ती अंगवळणी पाडून घेणे, तिची वाट धरणे. यातील ‘टु’ गावाकडे नेणारा आहे. म्हणून ‘टुक टु स्टिचिंग’.

दोन ‘टु’ ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे आणि ती आम्ही आता प्रत्येक वर्गात देतो. ‘टु’च्या पुढे ‘इट’ हा शब्द ठेवून पाहावा. ‘शी टुक टु इट’ हे वाक्य उभे राहते. ‘आय लुक फॉरवर्ड टु इट’ हेही उभे राहते. अर्थात येथे ‘इंग’. परंतु ‘शी बिगॅन टु इट’ हे वाक्य कोसळते. अर्थात तेथे मूळ रूप : ‘शी बिगॅन टु रीड’. सातवीतील मुलांना ही कसोटी एका तासात समजते. आम्ही ती पूर्वीच दिली असती तर बरे झाले असते.

वसतिगृहातील मुलांना या कसोटीचे सर्वांत चांगले उदाहरण पहाटेच्या घंटेचे वाटते. ‘आय यूज्ड टु गेट अप ॲट फाइव्ह’ म्हणजे मी पूर्वी पाच वाजता उठत असे. आता उठत नाही, हा मथितार्थ. ‘आय ॲम यूज्ड टु गेटिंग अप ॲट फाइव्ह’ म्हणजे पाच वाजता उठण्याची मला सवय झाली आहे. दुसऱ्या वाक्यात ‘आय ॲम यूज्ड टु इट’ म्हणता येते, पहिल्यात तसे म्हणता येत नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी बहुतेक पहिले वाक्य म्हणतील, सध्याच्या विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याची अपेक्षा आहे.

‘गेट डाउन टु’ हा आणखी एक सापळा आहे. मनावर घेऊन कामाला लागणे असा त्याचा अर्थ. ‘लेट अस गेट डाउन टु वर्क’ हे वाक्य मुलांनी ऐकलेले असते आणि त्यावरून ती ‘गेट डाउन टु स्टडी’, ‘गेट डाउन टु राइट’ अशी वाक्ये बनवितात. येथे ‘वर्क’ हे नाम आहे. नाम आणि क्रियापद यांचे रूप एकच असल्यामुळे ते कळून येत नाही. क्रियापद बदलले की भेद उघडा पडतो : ‘गेट डाउन टु रायटिंग’. जुन्या कथाकादंबऱ्यांत ‘दे फेल टु ईटिंग’ अशी रचना भेटते. ताट समोर येताच जेवणावर तुटून पडावे तसा तिचा सूर आहे. आज ती बोलण्यात फारशी नाही. वाचताना अडू नये इतकी माहिती पुरे.

‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ या दोन मुख्य क्रियापदांकडे येऊ. या दोहोंच्या पुढे ‘टु’सह मूळ रूपही चालते आणि ‘इंग’चे रूपही चालते. ‘इट बिगॅन टु रेन’, ‘इट बिगॅन रेनिंग’. ‘शी स्टार्टेड टु क्राय’, ‘शी स्टार्टेड क्राइंग’. बहुतेक वेळी अर्थात फरक पडत नाही. जे चालत नाही ते म्हणजे दोन्ही एकत्र करणे. ‘शी स्टार्टेड टु क्राइंग’ असे वाक्य तपासलेल्या प्रत्येक गठ्ठ्यात आम्हाला भेटते. यात मुलांचा आळस नसतो. ‘रडायला लागली’ मधील ‘ला’चे भाषांतर ‘टु’ने झाले, आणि वर्गात ‘स्टार्टेड क्राइंग’ ऐकले होते तेही आठवले. म्हणून दोन्ही लिहिले. चुकीमागे विचार आहे हे शिक्षकाने ओळखले, तर लाल शाईचा उपयोग निराळा होतो.

दोन्ही चालत असली तरी काही ठिकाणी इंग्रजी भाषेने निवड करून ठेवली आहे. क्रियापद स्वतःच ‘इंग’मध्ये असेल तर पुढे पुन्हा ‘इंग’ ठेवीत नाहीत. ‘इट इज स्टार्टिंग टु रेन’ म्हणतात, ‘इज स्टार्टिंग रेनिंग’ म्हणत नाहीत. कानाला ते खटकते, दुसरे कारण नाही. समजणे, जाणवणे, उमगणे अशा मनाच्या अवस्था दाखविणाऱ्या क्रियापदांपूर्वी ‘टु’ येतो : ‘आय बिगॅन टु अंडरस्टँड’, ‘ही बिगॅन टु रिअलाइज’. कर्ता निर्जीव असेल, क्रिया आपोआप घडणारी असेल, तर तेथेही ओढा ‘टु’कडेच असतो : ‘द वॉटर बिगॅन टु बॉइल.’ याउलट माणसाने हेतूपूर्वक हाती घेतलेल्या, लांबत जाणाऱ्या कामाला ‘इंग’ शोभते : ‘शी स्टार्टेड टीचिंग इन द व्हिलेज’.

आणखी एक सूक्ष्म छटा आहे, आणि ती आम्हाला फार आवडते. ‘ही स्टार्टेड टु स्पीक’ असे म्हटल्यावर वाक्य पुढे ‘परंतु’ने जाण्याची शक्यता असते : तो बोलू लागला, पण कोणी तरी मध्येच थांबविले. ‘ही स्टार्टेड स्पीकिंग’ म्हटल्यावर मात्र तो खरोखर बोलत राहिला असे चित्र उभे राहते. हा कडक नियम नाही, कल आहे. मराठीतही ‘तो बोलू लागला तोच’ या वाक्यानंतर काही तरी आडवे येणार हे श्रोत्याला कळतेच. ‘स्टॉप’ या क्रियापदात मात्र असा सौम्य कल नसून सरळ अर्थभेद आहे. ‘ही स्टॉप्ड रीडिंग’ म्हणजे त्याने वाचन थांबविले. ‘ही स्टॉप्ड टु रीड’ म्हणजे तो वाचण्यासाठी थांबला. आरंभात सूट आहे, अंतात नाही.

‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ सर्वत्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘स्टार्ट’चा मूळ अर्थ एकदम उडी मारणे, दचकणे असा होता, ‘शी वोक विथ अ स्टार्ट’ म्हणजे ती दचकून जागी झाली, यात तो अद्याप जिवंत आहे. आरंभाचा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला. बहुधा त्यामुळेच यंत्र, वाहन, प्रवास यांच्याशी त्याचे नाते जवळचे आहे. चालक बस ‘स्टार्ट’ करतो, ‘बिगिन’ करीत नाही. आपल्याकडे तर ‘गाडी स्टार्ट होत नाही’ हे आता मराठीच झाले आहे. ‘बिगिन’ त्यामानाने शांत, जुने आणि किंचित औपचारिक क्रियापद आहे. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या काळी त्याचे ‘गॅन’ हे आखूड रूप कवितेत सर्रास येत असे, आणि पुष्कळदा त्यात आरंभाचा अर्थही उरत नसे. केवळ भूतकाळ दाखवून वृत्ताची मात्रा भरण्याचे काम ते करी. ‘लागणे’ने मराठीत जशी अनेक कामे अंगावर घेतली तसाच हा प्रकार.

‘कमेन्स’ हे फ्रेंचमधून आलेले भारदस्त क्रियापद. परीक्षेच्या सूचनापत्रात, न्यायालयीन कागदात ते ठीक दिसते. ‘आय कमेन्स्ड ईटिंग माय टिफिन’ असे लिहिणाऱ्या मुलाला आम्ही हसत नाही, पण ‘स्टार्टेड’ लिही असे सांगतो. अमेरिकेतील विद्यापीठांत पदवीप्रदान समारंभाला ‘कमेन्समेंट’ म्हणतात, हे कळल्यावर मुलांना नवल वाटते. शिक्षण संपल्याच्या समारंभाला आरंभाचे नाव.

आता शब्दयोगी अव्ययांचा भाग. शाळेच्या दृष्टीने हा सर्वांत उपयोगाचा आहे, कारण कार्यक्रमांचे इंग्रजी वृत्तांत मुलेच लिहितात. मराठी वृत्तांतात आपण दोन प्रकारची वाक्ये लिहितो. ‘कार्यक्रमाची सुरुवात बुद्धवंदनेने झाली’ आणि ‘अध्यक्षांनी दीप प्रज्वलित करून कार्यक्रमाची सुरुवात केली’. पहिल्यात ‘ने’ आहे, त्याच्यापूर्वी नाम आहे. दुसऱ्यात ‘करून’ आहे, म्हणजे क्रिया आहे. इंग्रजीने नेमकी हीच विभागणी केली आहे. नाम असेल तर ‘विथ’, क्रिया असेल तर ‘बाय’ आणि पुढे ‘इंग’ : ‘द प्रोग्रॅम बिगॅन विथ बुद्ध वंदना’, ‘द प्रेसिडेंट बिगॅन बाय लायटिंग द लॅम्प’. मराठीत ‘ने’ आले की ‘विथ’, ‘ऊन’ आले की ‘बाय’. एवढे ध्यानात ठेवले तरी आभारप्रदर्शनापर्यंतचा वृत्तांत निर्वेध लिहिता येतो. ‘टु बिगिन विथ’ हा मात्र स्वतंत्र शब्दसमूह आहे. त्याचा अर्थ ‘प्रथमतः’ किंवा ‘सुरुवातीला’, आणि त्यातील ‘विथ’च्या पुढे काहीच येत नाही.

मोठ्या कामातील एखादा भाग हाती घेतला हे सांगताना ‘ऑन’ येते : ‘वी हॅव बिगन ऑन द थर्ड चॅप्टर’, तिसऱ्या धड्याला हात घातला. नवा, लांबचा, काहीसा जोखमीचा उपक्रम असेल तर ‘एम्बार्क ऑन’. हा शब्द जहाजावर चढण्याचा आहे, त्यामुळे घर झाडण्याच्या कामासाठी तो वापरू नये.

‘सेट आउट’ आणि ‘सेट अबाउट’ ही जोडी मुलांची नेहमी अदलाबदल करते. ‘सेट आउट’च्या पुढे मूळ रूपासह ‘टु’ येतो आणि त्यात संकल्प असतो : ‘शी सेट आउट टु बिकम अ नर्स’, परिचारिका होण्याचा निश्चय करून ती निघाली. तेथे पोहोचली की नाही हे वाक्य सांगत नाही. ‘सेट अबाउट’च्या पुढे ‘इंग’ येते आणि त्यात हात प्रत्यक्ष कामाला लागलेले असतात : ‘द बॉइज सेट अबाउट क्लीनिंग द हॉल’. एकात कंबर कसली, दुसऱ्यात झाडू उचलला. प्रवासाला निघण्यासाठी ‘सेट आउट फॉर’ येते : ‘दे सेट आउट फॉर नागपूर’.

अनावर होऊन एकाएकी आरंभ होतो तेव्हा मराठीत हसू फुटते, रडू कोसळते. इंग्रजीत ‘बर्स्ट’. त्याचे दोन साथीदार आहेत. ‘इन्टु’च्या पुढे नाम : ‘शी बर्स्ट इन्टु टिअर्स’. ‘आउट’च्या पुढे ‘इंग’ : ‘शी बर्स्ट आउट क्राइंग’. पहिल्या वर्षी मुलांना सोडून पालक परत निघतात त्या संध्याकाळचे वर्णन करताना ही दोन्ही वाक्ये लागतात, आणि ती अदलाबदल न होता लिहिली गेली तर आम्हाला समाधान वाटते. ‘ब्रेक इन्टु अ रन’, म्हणजे एकाएकी धावू लागणे, हे त्याच घराण्यातले.

राहिला ‘पासून’चा प्रश्न, आणि तो अंमळ नाजूक आहे. ‘शाळा सोमवारपासून सुरू होईल’ याचे आपण ‘द स्कूल विल स्टार्ट फ्रॉम मंडे’ असे भाषांतर करतो. इंग्रजीत आरंभ हा एक क्षण मानला जातो. तो सोमवारी घडतो, दहा वाजता घडतो, जूनमध्ये घडतो. तो सोमवार‘पासून’ घडत राहत नाही. म्हणून वाराला आणि तारखेला ‘ऑन’, वेळेला ‘ॲट’, महिन्याला ‘इन’ : ‘द स्कूल स्टार्ट्स ऑन मंडे’, ‘द मीटिंग बिगिन्स ॲट टेन’. मराठीची दृष्टी वेगळी आहे. आपण आरंभ म्हणताना पुढचा सगळा काळही डोळ्यांसमोर ठेवतो, म्हणून ‘पासून’. क्रिया चालू राहणारी असेल तर इंग्रजीतही ‘फ्रॉम’ येतेच : ‘द लायब्ररी विल बी ओपन फ्रॉम मंडे’. ठिकाणालाही ‘फ्रॉम’ योग्य : ‘द प्रोसेशन स्टार्टेड फ्रॉम द स्कूल गेट’. सरकारी आदेशातील ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ तर प्रसिद्धच आहे, कारण अंमल हा चालू राहणारा असतो.

‘स्टार्ट फ्रॉम मंडे’ भारतात इतके रूढ आहे की त्याला चूक म्हणावे की आपली इंग्रजी म्हणावे, याविषयी आमच्या विभागातच मतभेद आहेत. ते वाक्य ऐकून कोणाचाही गैरसमज होत नाही आणि कोणाचीही गाडी चुकत नाही. आमच्यापैकी काहींना वाटते की, मग त्याच्या मागे लागू नये. आमचे बहुमत असे झाले की, बोलताना टोकू नये, परंतु लेखी परीक्षा, अर्ज आणि मुलाखत यांसाठी ‘ऑन’ आणि ‘ॲट’ शिकवावे. ज्याच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी आहे त्याच्या ‘फ्रॉम’कडे कोणी पाहत नाही. आमच्या मुलांच्या ‘फ्रॉम’कडे पाहणारे भेटतात. हे न्याय्य नाही. पण मुलगा उद्या मुलाखतीला बसणार आहे.

रूपांविषयी थोडेसे. ‘बिगिन, बिगॅन, बिगन’ ही तीन रूपे पाठ असूनही ‘आय हॅव बिगॅन’ असे लिहिले जाते. ‘हॅव’, ‘हॅज’, ‘हॅड’ असेल तर ‘बिगन’. एकटे असेल तर ‘बिगॅन’. नागरीत लिहिले तर फरक एका अर्धचंद्राचा आहे, रोमनमध्ये एका स्वराचा. ‘स्टार्ट’ला ही अडचण नाही, म्हणून परीक्षेत घाई झाली की आमची हुशार मुले निमूटपणे ‘स्टार्टेड’ लिहून मोकळी होतात, आणि आम्ही त्यांना पूर्ण गुण देतो.

पालकांना आमची एक विनंती आहे. मूल सुटीत घरी आले की त्याला मराठीतील एखादे वाक्य द्यावे, ‘पाऊस पडू लागला’, ‘आजी गोष्ट सांगायला लागली’, आणि त्याची इंग्रजीत किती रूपे होतात ते विचारावे. उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला कळलेच पाहिजे असे नाही. ‘टु’ आणि ‘इंग’ दोन्ही एकत्र ऐकू आले, तर मात्र ‘पुन्हा एकदा म्हण बरं’ असे म्हणावे.

त्या विद्यार्थिनीच्या वहीतील शेरा आम्ही तिच्यासमोरच खोडला आणि कापलेला शब्द पुन्हा लिहून दिला. सही करून तारीखही घातली. तो पूर्वी अर्धा गुण कापला होता तो मिळवून बेरीज दुरुस्त करावी, असा तिच्या सोबत आलेल्या तिच्या मुलीचा आग्रह होता. तीही दुरुस्त केली. निबंधाला आता दहापैकी साडेसात गुण आहेत.